मजेत असलेल्या घरांची पाहणी

डुइसबुर्ग
२१ नोव्हेंबर २००४

ती. हाजेरवहिनीस,
सादेतचा सप्रेम सलाम. वि. वि.

"फोनवर कुणी काहीही विचारो, आपण मजेत आहोत एवढंच सांगायचं." आपल्या घरी पहिला फोन आला त्या दिवशी आई हे म्हणाली होती, आठवतं? तू नवी सून होतीस, मी शाळेत जात होते. बाबांनी फोन दिवाणखान्यात, खिडकीखालच्या स्टुलावर ठेवला. आईने त्यावर विणलेला रुमाल घातला आणि रुमालाची टोकं सारखी करता करता ती हे बोलली. आता रोज संध्याकाळी कामावर मला हेच वाक्य इतक्या घरांतून ऐकू येतं, की आईने ते सगळ्या तुर्की घरांना वाटून दिलं की काय असं वाटावं.

तू मागच्या पत्रात दोन गोष्टी विचारल्या होत्यास. मी नेमकं करते काय, आणि दिवसभर फोनजवळ बसणारी नणंद घरी एक फोन करत नाही, याला काय म्हणावं. दुसऱ्याचं उत्तर आधी देते. दिवसभर परक्यांचे आवाज ऐकून घरी आले की मला फोनकडे बघवत नाही. शिवाय तुमचा फोन अजून त्याच स्टुलावर, आणि त्याला दादा, आई आणि चहाला आलेली मुनेव्वरबाई अशा तिघांचे कान लागलेले. फोनवर तू मला जे सांगतेस ते मुनेव्वरबाईही सांगू शकेल. पत्रातली तू वेगळी असतेस. मला ती हवी असते.

आता काम. दक्षिणेकडच्या काही शहरांत, तुमचं हाइलब्रोनही त्यात आलं, आपल्या म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसाची केंद्रं काढायची का, हे ठरायचं आहे. सकाळी गाडी येऊन त्यांना नेणार. तिथे तुर्की बोलणाऱ्या बाया, आपलं जेवण, दुपारची झोप, आणि संध्याकाळी परत घरी. पण आधी गरज आहे हे दिसायला हवं, म्हणून आमच्या संस्थेला पाहणी दिली आहे. टेलिफोन डिरेक्टरीतून तुर्की आडनावं वेचली, संगणक त्यांतून चिठ्ठ्या उचलाव्या तसे नंबर काढतो, आणि माझ्या हाताखालच्या मुली ते लावतात. कुणाला विचारायचं हे आपण ठरवायचं नाही, हा या कामातला पहिला नियम. बोलक्या, ओळखीच्या माणसांनाच विचारलं तर ती पाहणी कसली, त्या गप्पा.

निम्मे लोक फोन ठेवून देतात. कुणाला वाटतं आम्ही गालिचे विकतोय, कुणाला वाटतं परदेशी नागरिकांच्या कचेरीतून बोलतोय. तुलाय ही माझ्याकडची सगळ्यांत धाकटी मुलगी. एका आजोबांनी तिलाच विचारलं, की तुझं लग्न झालंय का, नसेल तर का नाही, आणि बाप काय करतो. तिच्याकडून सगळी उत्तरं काढून घेतली आणि मग मला वेळ नाही म्हणून फोन ठेवला.

जे बोलतात ते सगळे मजेत आहेत. आई मजेत, बाबा मजेत, मदत नको, केंद्र नको, घरात बायका आहेत की. माझ्या वरिष्ठ फ्राउ आलर्स आकडे बघून म्हणाल्या, की तुर्की कुटुंबं किती छान असतात, त्यांना कशाचीच गरज पडत नाही. फेब्रुवारीअखेर हेच आकडे वर गेले, तर केंद्रं होणार नाहीत. मला तुझं मागचं पत्र आठवत होतं, तुझी कंबर, आणि आई दार उघडून जिन्यात जाऊन बसते ते.

तुझ्या नुर्दानचं बाळ बघायला कास्सेलला गेलीस का? मुलगी बाळंत झाली आणि आई अजून तिकडे फिरकली नाही, असं नुर्दान मला हसत हसत सांगत होती. हसू खरं नव्हतं.

आईला माझी आठवण दे. कोण सादेत म्हणाली, तर जाऊ दे.

तुझ्या लोभावर जगणारी,
सादेत


हाइलब्रोन
४ डिसेंबर २००४

चि. सादेत हिला,
हाजेरवहिनीचे अनेक आशीर्वाद. विशेष.

कास्सेलला गेले नाही. जाऊ कशी ते तूच सांग. बाळाचा फोटो फ्रिजवर लावलाय, दूध काढताना त्याच्याशी दोन शब्द बोलते. आईंना अर्धा तास एकटं सोडता येत नाही. मागच्या मंगळवारी मी कोपऱ्यावरून पाव घेऊन येते तो या खालच्या दारात उभ्या, पायात काही नाही, चपला हातात. गावची बस येते आहे म्हणाल्या. मी म्हटलं बस आज बंद आहे, तर माझ्यावरच चिडल्या, की तूच ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं असशील. जे काही चार जर्मन शब्द येत होते ते गेले. डॉक्टर बोलला की त्या माझ्या पाठीआड होतात. माझ्या हातचं खातात, दुसऱ्या कुणाच्या हातचं नाही. याचा अभिमान वाटावा की रडावं, हे कंबर कशी आहे त्यावर ठरतं.

आता हसायची गोष्ट. वन्सं, तुमच्या पाहणीचा फोन आमच्याकडेच आला की! आवाज इस्तंबूलकडचा, गोड. लग्न झालंय का ते आम्ही नाही विचारलं.

तुझा दादा जेवून बसला होता. त्याने आपला कचेरीतला आवाज काढला, तुला माहीत आहे तो. मुलीने विचारलं, की घरातल्या मोठ्या माणसांपैकी सगळ्यांत अलीकडे वाढदिवस कुणाचा झाला, मला त्यांच्याशीच बोलायचंय. तो मोठ्याने हसला. म्हणाला, पोरी, आम्हा तिघांचाही एक जानेवारी. गावात नोंदणीवाला दोन वर्षांतून एकदा घोड्यावर बसून यायचा आणि सगळ्या गावाला एकच दिवस देऊन जायचा. मुलगी म्हणाली, असं असेल तर फोनवर जे आहेत तेच चालतील. झालं. साहेब मांडी घालून बसले.

मी न्हाणीघरात होते. आईंचे कपडे खराब झाले होते, त्यांना धूत होते. दार अर्धं उघडं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. आई स्वतःचे कपडे स्वतः घालतात का, असं विचारलं असावं. तो म्हणाला, आमची आई रोज स्वच्छ कपड्यांत असते. सांभाळणाऱ्याला मदत हवी का, तर म्हणाला, मुलं आपापल्या घरी गेली, बायकोला आता दुसरं काम काय आहे, अल्लाची कृपा आहे. सादेत, तो खोटं बोलत नव्हता. तो आईंना बघतो तेव्हा त्यांची वेणी घालून झालेली असते. संध्याकाळी त्यांच्यासाठी लोकुम मिठाईचा तुकडा आणतो, शेजारी बसतो. त्याच्या डोळ्यांसमोरची आई खरोखरच मजेत असते.

फोन ठेवून मला म्हणाला, अखेर या देशाला आपल्याला काही विचारावंसं वाटलं. इतका खूश होता की मी नुसता चहा टाकला.

हसलीस ना? बरं. लोणच्यातली द्राक्षाची पानं तुझ्यासाठी ठेवली आहेत.

आशीर्वाद आहेतच, मागायला नकोत.
हाजेर


डुइसबुर्ग
१२ डिसेंबर २००४

ती. वहिनीस,
सप्रेम सलाम. वि. वि.

हसले नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी लवकर कामावर गेले.

हा वाढदिवसाचा नियम जर्मन घरांसाठी केलेला आहे. त्यांचे वाढदिवस वर्षभर विखुरलेले असतात. त्यामुळे कधी नवरा, कधी बायको, कधी मुलगा, ज्याची पाळी येईल तो बोलतो आणि कुणाची बाजू वरचढ होत नाही. आपल्या थोरल्या पिढीच्या घरांत ही चिठ्ठी पडतच नाही. सगळ्यांचा एक जानेवारी, म्हणून फोनशेजारी बसलेला माणूस बोलतो. फोनशेजारी कोण बसतं आणि त्या वेळी न्हाणीघरात कोण असतं, ते तू लिहिलंच आहेस. मी जुनी उत्तरं चाळली. अशी घरं थोडीथोडकी नाहीत. मीच रोज हा प्रश्न मुलींना शिकवते, माझा स्वतःचा वाढदिवस एक जानेवारी आहे, आणि तरी मला हे दिसलं नव्हतं.

फ्राउ आलर्सना सांगितलं, तर त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी पासपोर्ट काढून दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, की मग तुम्ही साजरा कोणता दिवस करता. मी म्हटलं, कोणताच नाही. बाई काटेकोर आहेत, पण वाईट नाहीत. म्हणाल्या, मिळालेलं उत्तर आवडलं नाही म्हणून बदलता येणार नाही. मात्र माणूसच नियमाने निवडलं गेलं नसेल, तर ते उत्तर धरता येणार नाही. अशा घरांना पुन्हा फोन करू, पण निवडीची रीत अशी हवी की त्यात तुमची मर्जी चालणार नाही.

मी ऋतू सुचवला आहे. तारीख नोंदणीवाल्याने दिली, पण ऋतू आयांना पाठ असतो. घरातलं कोण कोणत्या दिवसांत जन्मलं ते विचारायचं आणि ज्याचे दिवस नुकतेच होऊन गेले त्याच्याशी बोलायचं.

तेव्हा एक काम कर. आईचं मन ठिकाणावर असेल तेव्हा तिला विचार, आपण सगळे कधी जन्मलो. हे कचेरीसाठी नाही. चव्वेचाळीस वर्षांची झाले, मला माझाच ऋतू माहीत नाही.

तुमच्याकडे पुन्हा फोन येईल का, ते मला सांगता येणार नाही. नंबर मुलींच्या पडद्यावर येतात आणि जातात, मला दिसतात ते फक्त आकडे.

तुझीच,
सादेत


हाइलब्रोन
१ जानेवारी २००५

चि. सादेत हिला,
अनेक आशीर्वाद, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. तुला, मला, तुझ्या दादाला, आईंना, मुनेव्वरबाईला आणि तिच्या दिवंगत नवऱ्याला.

आईंना विचारलं. आम्ही पानांत भात गुंडाळत बसलो होतो. त्यांचे हात अजून माझ्याहून चटचट चालतात, फक्त किती झाले ते विसरतात आणि झालेले पुन्हा उलगडतात. सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, पण हे त्यांनी असं सांगितलं जसं काही खिडकीतून दिसतंय.

तुझा दादा तुतीच्या दिवसांतला. झाडाखाली चादर पसरली होती, तुती टपटप पडत होत्या, आणि कळा आल्या म्हणून चादर तशीच टाकून घरात पळावं लागलं. ती चादर पुढे कधी पांढरी झाली नाही, याचा राग त्यांना अजून आहे. दादाने हे ऐकून बाजूला तोंड केलं. आणि तू, द्राक्षाचा रस कढत होता तेव्हाची. तुझ्या अंगाला आठवडाभर काकवीचा वास येत होता म्हणे, आणि माश्या वारता वारता तुझ्या आत्याचा जीव गेला. त्यांचा स्वतःचा दिवस सांगणारं कुणी उरलं नाही. नांगरणीच्या सुमाराचा असेल म्हणाल्या.

मग मी माझं विचारलं. तुला ठाऊक आहे, आमचं घर तुमच्या घराला लागून होतं. म्हणाल्या, हाजेर ना, शेजारची? ती मोठ्या थंडीतली, नवं वर्ष लागून थोडे दिवस झालेले. बर्फ इतकं की दारं उघडेनात, सुईण येऊ शकली नाही. मी तेव्हा नवी सून. छपरावरून छपरावर चालत गेले आणि दिवा धरला. पोरगी जन्मली ती रडेचना. मग मी तिला मूठभर बर्फ चोळलं, तेव्हा रडली.

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. माझ्या आईनेही नाही.

जरा वेळाने माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, ती पोरगी हल्ली कुठे असते, बरी आहे ना? मी म्हटलं, मजेत आहे.

हाजेर


डुइसबुर्ग
३० जानेवारी २००५

ती. वहिनीस,
बक्रीदेच्या उशिराने शुभेच्छा. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून मी रोज लिहायला बसते आणि उठते. आज कामाचंच लिहिते, ते सोपं जातं.

नवा नियम चालू झाला. लोकांना हा प्रश्न फार आवडतो. वाढदिवस विचारला की माणसं सावध होत, ऋतू विचारला की फोन ठेवत नाहीत. तुलाय आता नांगरणी, कापणी, मेंढ्या व्यायचे दिवस यांवर परीक्षा देऊ शकेल. एका घरी नवरा-बायकोचं भांडण लागलं, की जर्दाळू आधी पिकतात की गहू, आणि तुलायला फोन कानाला धरून बसावं लागलं.

पण पुढचं ऐक. योग्य ती बाई फोनवर येते आणि नवऱ्याने सांगितलं होतं तेच सांगते. मजेत आहोत. फ्राउ आलर्स म्हणाल्या, निवड चुकीची होती, पण उत्तर तेच निघालं. कदाचित हे लोक खरोखरच मजेत असतील.

मग गेल्या शुक्रवारी तुलाय दुसऱ्या कामासाठी दुपारी आली होती आणि तिने चुकून आपल्या पाहणीतला एक नंबर लावला. पलीकडची बाई बोलतच सुटली. सासऱ्याने घराबाहेर जाऊ नये म्हणून दाराची कडी ओढणीने बांधते म्हणाली. बोलता बोलता रडली, मग हसली, आणि एकाएकी आवाज खाली आणून म्हणाली, आता ठेवते, हे नमाजाहून आले.

आम्ही पाच ते नऊ फोन करतो, कारण त्या वेळी जर्मन माणसं घरी असतात. त्याच वेळी आपल्या घरी सगळेच घरी असतात. शुक्रवारी दुपारी पुरुष मशिदीत असतात आणि फोनजवळ फक्त ती असते, जिला सांगायचं आहे. फ्राउ आलर्सनी घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, वेळेचा नियम आपला आपणच केलेला आहे. उरलेले फोन आता शुक्रवारी दुपारी होतील. फार उरलेले नाहीत.

तुझी,
सादेत


हाइलब्रोन
९ फेब्रुवारी २००५

चि. सादेत हिला,
आशीर्वाद.

तुझ्या शुक्रवारची वाट न बघता तुझी मुलगी आमच्याकडे आधीच येऊन गेली. जानेवारी सरता सरता, संध्याकाळी. तुझ्या दादाने ऋतू सांगितले आणि मुलगी म्हणाली, बर्फातल्या बाईंना द्या. त्याने फोन माझ्या हातात असा दिला जसं बक्षीसच देतोय, आणि खुर्ची जवळ ओढून बसला. मुनेव्वरबाईने सुया खाली ठेवल्या. आई दिवाणावर होत्या, माझ्याकडे बघत. मुलीने विचारलं, सांभाळताना थकायला होतं का? मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. शेगडीवर काही नव्हतं.

ती पुन्हा करेल. मी उचलणार नाही. तुझं पत्र मला कळलं, मी काही कुक्कुलं बाळ नाही. मी कुणापुढे काय बोलावं अशी तुझी इच्छा आहे ते समजलं. आता माझं ऐक. तुझ्याजवळ लिहिते ते वेगळं. पत्र तू वाचतेस आणि ड्रॉवरमध्ये टाकतेस. त्या मुलीला मी हो म्हटलं, हो, थकते, गाडी पाठवा, आईंना घेऊन जा, तर ते बोललं जाईल. दुसऱ्या दिवशी मला यांची वेणी घालायची असते. ज्या बाईने माझ्यासाठी दिवा धरला तिच्याविषयी परक्या पोरीला असं सांगू? आणि तुझा दादा? त्याला वाटेल, इतकी वर्षं माझ्या घरात ही दुःखात होती.

बाळाचं म्हणशील तर नुर्दान उन्हाळ्यात त्याला इथे आणेल. तोवर बसायला लागेल, तेव्हा मांडीवर घ्यायला सोपं.

मनाला लावून घेऊ नकोस. वसंतात ये. तुझ्यावरची माया कमी झालेली नाही, फक्त कंबर दुखते म्हणून पत्र छोटं.

हाजेर


डुइसबुर्ग
२० फेब्रुवारी २००५

ती. वहिनीस,
सादेतचा सलाम. वि. वि.

हे पत्र मी लिहू नये असा आमच्याकडे नियम आहे. तरी लिहिते.

दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवणाऱ्या बाईला आमच्या कामात हलका नकार म्हणतात. ठाम नकार दिला की नंबर बंद होतो. हलक्या नकाराला आणखी एकच फोन करता येतो. येत्या शुक्रवारी तसे शेवटचे फोन आहेत, मग पाहणी संपली. शुक्रवारच्या बायकांमुळे आकडे हलले आहेत, पण त्या थोड्या आहेत. इतक्या थोड्यांवर फ्राउ आलर्स काही म्हणायला तयार नाहीत, आणि त्यांच्या जागी मीही झाले नसते.

तुला वाटेल एका घराने काय होतं. चिठ्ठीत निघालेलं घर एकटं नसतं, वहिनी. ज्यांचा नंबर निघाला नाही अशा कितीतरी घरांच्या वतीने ते बोलतं. तू उचलला नाहीस तर त्या घरांतून दादाच बोलत राहणार. आणि दादा खोटं बोलत नाही, हे तूच लिहिलं आहेस. त्याला वाईट वाटेल, तेही खरं. पण त्याला जे कधी दिसलं नाही ते दिसेल. तो लोकुम आणणारा माणूस आहे. बघून झाल्यावर तो तोंड फिरवेल असं मला वाटत नाही.

दिव्याचं मी पुष्कळ मनात घोळवलं. आई छपरांवरून आली, हे तुला कळलं. पण ती आली कशी? दारं बर्फाने बंद, कुणाला काही दिसत नव्हतं. तुझ्या घरातून कुणीतरी छपरावर चढून हाक मारली असणार, की आमच्याने होत नाही, या. आम्ही मजेत आहोत असं ओरडले असते, तर दिवा आला नसता.

आईने ते फोनवरचं वाक्य का शिकवलं, ते मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारून उपयोग नाही. कुणी काळजी करू नये म्हणून म्हणाली असेल. आणि खरंच, कुणी केलीही नाही. पण ती माझी आई आहे, आणि तिच्या वतीने हे वाक्य आता मी मागे घेते. तू तिला कुठे टाकत नाहीस. ती सकाळी गाडीत बसेल, तिला वाटेल गावची बस आली, संध्याकाळी परत येईल, आणि वेणी तूच घालशील.

काय बोलायचं ते मी सांगणार नाही. उत्तर तुझं, ते मला कळणारही नाही, माझ्यापर्यंत फक्त आकडे येतात. मुलगी विचारेल, थकायला होतं का. आई खोलीत असेल तर असू दे, तिचा हात हातात धर. तुला वाटेल ते सांग, फक्त जे मला लिहितेस ते.

तू काय करशील ते मला दिसतं आहे. घंटा वाजेल, तू स्वयंपाकघरात जाशील, नळ मोठा सोडशील, आणि पुढच्या पत्रात पानं किती छान मुरली आहेत ते लिहिशील. त्या पत्राचीही मी वाटच बघेन. माझा लोभ तुझ्या उत्तरावर टांगलेला नाही.

शुक्रवारी दादा नमाजाला निघाला, जिन्यातले त्याचे पाय वाजायचे थांबले, की फोन येईल. वहिनी, उचलशील?

तुझी,
सादेत